खोट कुणाची?

१९९७ साली हेला योंगेरिअस या डच डिझायनरनं माक्कुमच्या एका जुन्या कारखान्यातल्या कुंभारांकडून एक उलटंच काम करून घेतलं. पांढऱ्याशुभ्र चिनी मातीच्या ताटल्या, वाडगे, कप नेहमीसारखे साच्यात घडवायचे, पण भट्टी मातीला सोसेल त्याहून जरा जास्त तापवायची. ताव असा चढला की चिनी माती मऊ पडते आणि आपल्याच वजनानं कलते. साच्यातून एकसारखी निघालेली भांडी भट्टीतून बाहेर येतात तेव्हा प्रत्येकाचं रूप निराळं असतं. एखाद्या ताटलीची कड एका बाजूला खाली गेलेली, एखाद्या वाडग्याचं बूड किंचित तिरकं. कारखान्याला हा प्रकार नवा नव्हता. असा माल निघाला की तो बाजूला काढायचा, स्वस्तात द्यायचा नाहीतर फोडून टाकायचा. योंगेरिअसनं नेमका तोच मागितला आणि त्याला नाव दिलं 'बी-सेट'. आपण दुकानात 'सेकंडचा माल' म्हणतो, तेच हे.

हा कारखाना रॉयल तिखेलार माक्कुम. फ्रीसलंड प्रांतातल्या या कुंभारकामाची नोंद १५७२ पासून सापडते. नेदरलँड्समधल्या सर्वांत जुन्या उद्योगांत त्याची गणना होते. कड सरळ यावी, झिलई सारखी बसावी म्हणून ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या भट्टीसमोर घामाघूम झाल्या, त्यांच्याकडून सव्वाचारशे वर्षांनी भांडी वाकडी करून घेतली गेली. कारखान्यानं ती केली, हे मला डिझायनरच्या कल्पनेपेक्षाही मोठं वाटतं.

डच डिझाइन परदेशात मांडलं गेलं की सोबतच्या माहितीपत्रकात एक वाक्य हमखास भेटतं: परंपरा आणि आधुनिक तंत्राचा सुंदर मिलाफ. या मिलाफाचा मला मनापासून कंटाळा आला आहे. मिलाफ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर पैठणीचा काठ लावलेली लॅपटॉपची पिशवी येते. काठ काठाच्या जागी, पिशवी पिशवीच्या जागी, दोघींचं एकमेकींशी काही देणंघेणं नाही. बी-सेटमध्ये असला मिलाफ नाही. तिथे भांड्याला चिकटवलेली जुनी नक्षी नाही, पवनचक्की नाही, ट्यूलिप नाही. आहे तो एक प्रश्न, जुन्या हुन्नरालाच विचारलेला: तू ज्याला चूक म्हणतोस, ती चूक का? मला या लेखात एवढंच म्हणायचं आहे की डच डिझाइनमधलं जे खरोखर मोलाचं आहे ते या प्रश्नात आहे. आणि त्यात जे खुपतं, तेही या प्रश्नातच आहे. कारण खोट कुणी केली यावर तिची किंमत ठरते.

आधी मोलाचं काय ते पाहू. १९९३ च्या एप्रिलमध्ये मिलानच्या फर्निचर मेळ्याच्या दिवसांत समीक्षक रेनी रामाकर्स आणि दागिन्यांचे डिझायनर खेइस बाकर यांनी काही तरुण डच मंडळींच्या वस्तू एकत्र मांडल्या. नाव ठेवलं 'द्रोख डिझाइन'. द्रोख म्हणजे कोरडं. चेहरा न हलवता केलेला विनोद असतो, तसं. त्यांत तेयो रेमीचं १९९१ चं कपाट होतं. इकडून तिकडून मिळवलेले जुने ड्रॉवर, प्रत्येकाला नवी लाकडी चौकट, आणि सगळे मिळून एका जाड पट्ट्यानं आवळलेले. कपाट कसलं, गाठोडंच ते. त्याच रेमीची चिंध्यांची खुर्चीही होती: थरावर थर रचून पट्ट्यांनी करकचून बांधलेल्या जुन्या कपड्यांची. घेणाऱ्याला वाटलं तर तो आपलेही जुने कपडे त्यात घालू शकतो. आमच्या आजीनं ती पाहिली असती, तर गोधडी शिवायची सोडून बांधून का ठेवलीय, एवढंच विचारलं असतं. चकचकीत इटालियन फर्निचरच्या गर्दीत या गाठोड्यांनी लोकांचे पाय थांबवले. तीनच वर्षांनी, १९९६ साली, न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टनं नेदरलँड्सच्या समकालीन डिझाइनचं 'थ्रेशोल्ड्स' हे प्रदर्शन भरवलं.

याचं स्पष्टीकरण बहुतेक वेळा डच स्वभावावर टाकलं जातं. कॅल्व्हिनच्या पंथाची माणसं, काटकसरी, वस्तू वाया न घालवणारी वगैरे. मला हे पटत नाही. काटकसरी माणूस जुन्या ड्रॉवरांचं कपाट करील, पण ते वस्तुसंग्रहालयात ठेवणार नाही. कारण साधं आणि जास्त रुक्ष आहे. इटलीत डिझायनरच्या पाठीशी फर्निचरचे मोठमोठे कारखानदार होते. नेदरलँड्समध्ये तसे फारसे नव्हते. होतं ते आइंडहोवनच्या डिझाइन अकादमीसारखं शिक्षण, सरकारी अनुदानं आणि तिखेलारसारखे छोटे, जुने, थोडे अडचणीतले उद्योग. गिऱ्हाइकाची मागणी घेऊन दारात उभा राहणारा कारखानदार नसला की डिझायनर स्वतःलाच प्रश्न विचारत बसतो. आणि देशात बाजार छोटा असला की वस्तू बोटीत, विमानात चढवावीच लागते. म्हणून डच डिझाइनचा खरा पत्ता बराच काळ मिलान हाच राहिला. पुढे सरकारनंही त्यात रीतसर लक्ष घातलं. २००९ ते २०१२ या काळात डिझाइन, फॅशन आणि वास्तुकला परदेशी नेण्यासाठी जो कार्यक्रम आखला गेला, त्यात लक्ष केंद्रित केलेल्या देशांत चीन, जर्मनी, तुर्कस्तान यांच्यासोबत भारतही होता. तेव्हा अशा प्रदर्शनात शिरताना हे लक्षात असावं की आपण कलेच्या दालनात आहोत तसेच निर्यातीच्या मालापुढेही उभे आहोत. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. डचांना कधीच वाटली नाही.

निर्यातीचा विषय निघालाच आहे, तर ज्या परंपरेचा एवढा गजर होतो ती कुठून आली तेही पाहावं. निळी-पांढरी डेल्फ्टची भांडी हे हॉलंडचं ओळखपत्र. ती मुळात चिनी भांड्यांची नक्कल. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून चिनी मातीची भांडी ॲमस्टरडॅमला उतरू लागली आणि श्रीमंतांची ताटं निळी झाली. १६४४ मध्ये मिंग घराणं कोसळलं, चीनमध्ये धुमाळी माजली, माल येईनासा झाला. ही पोकळी डेल्फ्टच्या कुंभारांनी भरली. चिनी मातीचं गुपित तेव्हा युरोपात कुणालाच उलगडलेलं नव्हतं. मग साध्या मातीवर कथलाची पांढरी झिलई चढवायची, वर कोबाल्टनं ड्रॅगन आणि बांबू काढायचे. १६५३ मध्ये निघालेल्या एका कारखान्याचं नावच 'चिनी मातीची बाटली' अशा अर्थाचं होतं, आणि आत चिनी मातीचा कणही नव्हता! त्या काळच्या डेल्फ्टच्या कारखान्यांपैकी आज तेवढाच एक चालू आहे. याच पोकळीमुळे कंपनी जपानच्या आरिता गावाकडे वळली आणि तिथल्या कुंभारांना युरोपसाठी मागण्या देऊ लागली. साडेतीनशे वर्षांनंतर स्टेफान स्खोल्टन आणि कारोल बाइंग्ज या डच जोडीनं त्याच आरितातल्या कारखान्यांसाठी नव्या रंगांची भांडी केली. २०१६ मध्ये आरिताच्या चिनी मातीला चारशे वर्षं झाली, तेव्हा सोळा डिझायनर आणि तिथले सोळा कारखाने यांचा मेळ घालून जो संच मिलानमध्ये मांडला गेला, त्याच्या आखणीत स्खोल्टन आणि बाइंग्ज होतेच.

मग डच परंपरा म्हणजे नक्की काय? चिनी नक्षी? जपानी माती? मला वाटतं, नक्कल करताना जे हुकतं त्याच्याशी जुळवून घेण्याची सवय, हीच ती. डेल्फ्टच्या कुंभाराला चिनी मातीचा पातळ, नाद देणारा कप जमला नाही. जे जमलं त्याचंच त्यानं नाव केलं. या दृष्टीनं पाहिलं तर योंगेरिअसची वाकडी ताटली परंपरा मोडणारी राहत नाही. ती त्याच घराण्यातली, फक्त हुकणं न लपवणारी.

नव्या तंत्राचंही असंच. मार्सेल वांडर्सची १९९६ ची 'गाठींची खुर्ची' आठवा. मॅक्रमे आपल्याला परका नाही. एके काळी घरोघरी त्याची कुंड्यांसाठीची शिंकाळी लोंबकळत असायची. वांडर्सनं दोरी निवडली ती अरामिडच्या तंतूंची, आत कार्बनचा धागा असलेली. विमानाच्या आणि बुलेटप्रूफ जाकिटांच्या कामाची. डेल्फ्टच्या तंत्र विद्यापीठासोबत चाललेल्या एका उपक्रमातून हे घडलं. त्या दोरीची हातानं गाठी मारून खुर्ची विणायची. ती अर्थातच लुळी, जाळ्यासारखी. मग ती इपॉक्सीत बुडवायची आणि चौकटीत टांगून ठेवायची. वाळता वाळता गुरुत्वाकर्षणच तिला बसायचा खोलगटपणा देतं. टांगलेलं शिंकं कडक होऊन जमिनीवर उभं राहतं आणि माणसाचं वजन पेलतं. इथे हातकाम एका बाजूला आणि प्रयोगशाळा दुसऱ्या बाजूला अशी विभागणी करता येत नाही. गाठ नसेल तर तंतूला आकार नाही, इपॉक्सी नसेल तर गाठीला बळ नाही. एक काढलं की दुसरं कोसळतं. पैठणीच्या पिशवीपासून ही खुर्ची वेगळी ठरते ती इथे.

योरिस लारमाननं तर जुन्या तर्कालाच कात्रीत पकडलं. शंभर वर्षांपूर्वी व्हिएन्नाच्या अडॉल्फ लोसनं नक्षीकामाला गुन्हा ठरवलं होतं, आणि आधुनिक डिझाइननं ते वेदवाक्य मानलं: वस्तू सपाट, साधी, कामापुरती. लारमाननं २००३ मध्ये शिक्षण संपवताना घर तापवण्याचा रेडिएटर केला तो वेलबुट्टीचा. काँक्रीटच्या फांद्या, पानं, वळणं भिंतभर पसरलेली, जुन्या राजवाड्यातल्यासारखी. कारण? रेडिएटरला उष्णता फेकायला पृष्ठभाग लागतो. सपाट पत्र्यापेक्षा वेलबुट्टीचा पृष्ठभाग जास्त. म्हणजे इथे नक्षी हेच काम आणि सपाटपणा हीच उधळपट्टी. एका रेडिएटरनं एवढा वाद घातल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. पुढे २००६ मध्ये त्यानं 'हाडांची खुर्ची' केली. हाड जिथे ताण पडतो तिथे जाड होतं, नाही तिथे झिजतं. मोटारींचे भाग हलके करायला वापरलं जाणारं असंच एक गणित घेऊन त्यानं खुर्चीचा आकार संगणकाकडून काढला आणि मग ॲल्युमिनियम साच्यात ओतलं. शेवटी ओतकामच, ते तर माणूस हजारो वर्षं करतो आहे. लारमानची ही कामं २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या कूपर हेविट संग्रहालयात लागली होती. आयरिस व्हान हेर्पनच्या त्रिमितीय छपाईच्या पोशाखांबद्दलही पुष्कळ लिहिलं जातं, २०२३ च्या अखेरीस पॅरिसला त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. त्यावर एवढंच सांगतो की त्या पोशाखांत यंत्राचं काम जितकं आहे, तितकंच किंवा त्याहून जास्त सुईदोऱ्याचं आहे, आणि छायाचित्रात ते दिसत नाही.

आता खुपतं काय ते.

मुद्दाम केलेली खोट ही खोट उरते का? बी-सेटची ताटली विकत घेणारा तिरक्या कडेचे पैसे मोजतो. तो वाकडेपणा आता गुण आहे, ओळख आहे, सही आहे. उद्या त्याच भट्टीत दुसऱ्या एखाद्या गिऱ्हाइकाच्या साध्या ताटल्या चुकून जास्त भाजल्या गेल्या, तर? तशीच माती, तीच भट्टी, तसंच वाकणं. ती ताटली सेकंडच्या ढिगात जाईल आणि बोलणी बसतील भट्टीवाल्याला. एकीला संग्रहालयाचं कपाट, दुसरीला कचऱ्याची पाटी. दोघींतला फरक मातीत नाही, कागदावर आहे. काचेच्या कपाटाशेजारी जे कार्ड लावलेलं असतं त्यावर. हुन्नर कारागिराचा, चूक करण्याचा हक्क मात्र डिझायनरचा.

योंगेरिअसवर हे सगळं ढकलणं अन्याय होईल. आपल्या पिढीत तिनंच कारखान्याला सर्वांत जास्त मान दिला, असं माझं मत आहे. २०१३ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीतलं प्रतिनिधींचं दालन नव्यानं सजवलं गेलं, ती नेदरलँड्सची भेट होती. तिथल्या उंच काचेसमोरच्या पडद्यासाठी तिनं हजारो मणी घेतले ते माक्कुमच्याच कुंभारांकडून. २०१५ मध्ये तिनं आणि लुईस स्खाउवेनबर्ख यांनी निव्वळ नवेपणासाठी नव्या वस्तू काढत राहण्याच्या हव्यासाविरुद्ध एक जाहीरनामाही काढला. तरी कार्डावरचा प्रश्न सुटत नाही. २००९ मध्ये आयकियासाठी तिनं स्वीडिश लोककथांतल्या प्राण्यांची भिंतीवर टांगायची कापडी चित्रं केली. ती हातानं शिवली भारतातल्या बायकांनी. डिझायनरचं नाव जगभर गेलं. टाके घालणारींच्या हातांचा उल्लेख झाला, नावांचा नाही. त्यांना काम मिळालं हे खरंच, आणि ते कमी नाही. पण त्यांच्यापैकी एखादीनं बोकडाचा पाय स्वतःच्या मनानं वाकडा शिवला असता, तर त्याला 'बी-सेट' कुणी म्हटलं असतं?

हे नवं नाही. सतराव्या-अठराव्या शतकात कोरोमंडल किनाऱ्यावरून रंगवलेलं सुती कापड डच जहाजांतून जात होतं. आपल्याकडे जुनी माणसं ज्याला चिटाचं कापड म्हणत, ते. डच भाषेतला 'सिट्स' हा शब्द याच घराण्यातला. माक्कुमपासून फार लांब नसलेल्या हिंडेलोपन या बंदराच्या गावात बायका या भारतीय चिटाचे पायघोळ झगे घालत. आज तो फ्रीसलंडचा अस्सल पारंपरिक पोशाख म्हणून ओळखला जातो. २०१७ मध्ये लेउवार्डनच्या फ्रीस संग्रहालयानं या कापडाचं प्रदर्शन भरवलं होतं. धुतल्यावर आणखी उजळणारा तांबडा रंग पाहून युरोप चकित झाला, पण तो चढवणाऱ्या रंगाऱ्यांची नावं आज कुणालाही ठाऊक नाहीत. आपल्या वेंगुर्ल्यालाही डचांची वखार होती, भिंती अजून उभ्या आहेत. वखारीच्या हिशेबात गाठी मोजल्या जातात, विणणारे नाहीत.

मग यातून वाट आहे का? मला ती एका डच कापडातच दिसते. त्या कापडाचीही सुरुवात नक्कल आणि खोट यांपासूनच झाली.

एकोणिसाव्या शतकात डच कारखानदारांनी जावाच्या बाटिकची यंत्रावर नक्कल करायला घेतली. हेल्मंडचा व्लिस्को कारखाना १८४६ चा. बाटिकमध्ये मेण लावून रंग अडवतात. यंत्रात मेणाऐवजी राळ वापरली गेली. राळेला तडे जायचे, रंग त्यात झिरपायचा आणि कापडभर बारीक शिरा उमटायच्या. जावाच्या बायकांनी नाकं मुरडली. त्यांच्या लेखी शिरा म्हणजे निष्काळजी काम. शिवाय तिथल्या कारागिरांनी ठसे वापरून आपलंही बाटिक स्वस्त केलं होतं. माल पडून राहिला. शतकाच्या शेवटी तो पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेला आणि तिथे मात्र त्या शिराच लोकांना आवडल्या. कापडाचे कोणतेही दोन तुकडे अगदी सारखे नसतात, म्हणून आवडल्या. तेव्हापासून आजतागायत हेल्मंडमध्ये तडे मुद्दाम पाडले जातात. शिरा हीच अस्सलपणाची खूण. आता चिनी गिरण्या या कापडाची नक्कल करतात आणि हेल्मंडवाले तक्रार करतात. काय बोलायचं?

२०१६ मध्ये फिलाडेल्फियाच्या कला संग्रहालयानं व्लिस्कोचं प्रदर्शन मांडलं. इथेही खोटच कापडाचं मोल झाली आहे. पण ती मोलाची आहे हे ठरवणारा डिझायनर नव्हता, बाजार होता. आणि बाजार म्हणजे बायका. टोगोच्या लोमे शहरातल्या घाऊक व्यापारी बायकांनी या कापडावर एवढा पैसा मिळवला की त्यांच्या मर्सिडीज गाड्यांवरून त्यांना 'नाना बेंझ' म्हणू लागले. कोणती नक्षी चालेल, कोणता रंग कुठल्या गावात खपेल, हे त्या सांगत आणि हेल्मंड ऐके. पिंजऱ्यातून उडणाऱ्या पक्ष्यांच्या नक्षीला त्या बाजारांत 'तू बाहेर पडलास तर मीही पडेन' असं नाव मिळालं. नवऱ्याला दिलेली तंबीच ती. दुसऱ्या एकीचं नाव 'सवतीचा डोळा'. सहा स्पार्क प्लगांच्या नक्षीचं नाव 'सहा प्लग', म्हणजे नेसणारीची ऐपत सहा सिलिंडरच्या गाडीची. यातलं एकही नाव कारखान्यात ठरलेलं नाही. हेल्मंडहून कापड निघतं तेव्हा त्या नक्षीला नुसता क्रमांक असतो. नाव पडतं ते लोमे आणि आक्राच्या बाजारात, विकणाऱ्या बायकांच्या तोंडी.